मातामृत्यू मोजायचे कसे, आणि मोजल्याने ते कमी कसे होतात

2023 या एका वर्षात जगभरात सुमारे 2 लाख 60 हजार स्त्रिया गरोदरपणात, बाळंतपणात किंवा बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत दगावल्या. जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ, जागतिक बँक आणि संयुक्त राष्ट्रांचे लोकसंख्येशी संबंधित विभाग यांनी मिळून काढलेला हा आकडा एप्रिल 2025मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसाला सातशेहून अधिक, म्हणजे साधारण दर दोन मिनिटांना एक मृत्यू. यांतले जवळपास 70 टक्के मृत्यू सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत झाले आणि एकट्या नायजेरियात सुमारे पाऊण लाख. भारतातला आकडा सुमारे 19 हजार होता. यांतले बहुतेक मृत्यू टाळता येण्याजोगे होते, कारण ज्या कारणांनी ते झाले त्या जवळजवळ सर्वांवर उपाय कित्येक वर्षांपासून माहीत आहेत आणि त्यांतले बरेचसे स्वस्तही आहेत.

ही माहिती बातम्यांतून येते आणि जाते. पण हे मृत्यू मोजले कुणी आणि कसे, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. तो विचारायला हवा, कारण मातामृत्यूंच्या बाबतीत मोजणी आणि उपाय या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. ज्या देशांनी आणि राज्यांनी एकेका मृत्यूची नीट नोंद करून त्यामागची हकीगत शोधली, तिथे हे मृत्यू घटले. जिथे नोंदच झाली नाही, तिथे काय चुकले हे कुणाला कळलेच नाही, आणि तेच पुढच्या बाईच्या बाबतीतही घडले.

मातामृत्यू कशाला म्हणायचे, याची जगभर मान्य असलेली एक व्याख्या आहे. गरोदर असताना, किंवा गर्भारपण संपल्यापासून 42 दिवसांच्या आत, गरोदरपणाशी किंवा त्यावरील उपचारांशी संबंधित कारणाने, किंवा आधीपासूनचा आजार गरोदरपणामुळे बळावल्याने झालेला मृत्यू म्हणजे मातामृत्यू. गर्भारपण बाळंतपणाने संपले, गर्भपाताने संपले, की गर्भ नळीत राहिल्याने संपले, याने फरक पडत नाही. मृत्यू दवाखान्यात झाला, घरी झाला की वाटेत जीपमध्ये झाला, यानेही फरक पडत नाही. रस्त्यावरच्या अपघातात किंवा सर्पदंशाने गेलेली गरोदर बाई मात्र या मोजणीत येत नाही. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर झालेल्या आत्महत्या थेट मातामृत्यू म्हणून मोजाव्यात, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2012मध्ये स्पष्ट केले. तोवर अनेक ठिकाणी त्या बाजूलाच ठेवल्या जात असत, आणि आजही ‘घरगुती कारण’ एवढे लिहून त्या प्रकरणावर पडदा पडतो.

आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना जपायची रीत आहे. तो काळ आणि हे 42 दिवस जवळजवळ सारखेच आहेत. धोक्याचे खरे दिवस मात्र या काळात सारखे विभागलेले नसतात. सर्वांत मोठा धोका पहिल्या चोवीस तासांत असतो, त्यानंतर पहिल्या आठवड्यात. दवाखान्यात बाळंतपण झाले की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताईने घरी यावे असे ठरलेले आहे. तान्ह्या बाळासाठी आखलेल्या या भेटींत बाळंतिणीला ताप आहे का, अंगावरून जास्त जाते का, पाय सुजले आहेत का, हेही पाहायचे असते. बाळाचे वजन करून निघून जाणारी भेट ही अर्धीच भेट होय.

तुलना करण्यासाठी नुसती मृत्यूंची संख्या उपयोगाची नसते, कारण जिथे जन्म जास्त तिथे मृत्यूही जास्त दिसणार. म्हणून एक लाख जिवंत जन्मांमागे किती माता दगावल्या, हे प्रमाण काढतात. जगाचे हे प्रमाण 2000 साली 328 होते, ते 2023मध्ये 197वर आले. गरीब देशांत ते साडेतीनशेच्या आसपास आहे, तर श्रीमंत देशांत 10. भारताचे प्रमाण 2014–16मध्ये 130 होते आणि 2018–20मध्ये ते 97वर आले. त्याच 2018–20 या काळात महाराष्ट्राचे प्रमाण 33, केरळचे 19 आणि आसामचे 195 होते. देश एक, कायदे एक, औषधे तीच, आणि तरीही बाळंतिणीच्या जिवाचा धोका एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेल्यावर दहापट होतो.

मोजणी कुठे निसटते

मृत्यूची नोंद करणे 1969च्या कायद्याने आपल्याकडे बंधनकारक आहे. पण मृत्यूची नोंद होणे वेगळे आणि तो मातामृत्यू होता हे त्या नोंदीतून कळणे वेगळे. दाखल्यावर ‘हृदयक्रिया बंद पडल्याने’ असे लिहिलेले असते. हृदयक्रिया तर प्रत्येक मृत्यूत बंद पडते. ती बाई आठ दिवसांची बाळंतीण होती, हे त्या ओळीत कुठेच नसते. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, घरच्यांनाही दिवस गेल्याचे ठाऊक नसताना, नळीतला गर्भ फुटून किंवा चोरून केलेल्या गर्भपाताने झालेला मृत्यू तर ‘पोटात दुखून गेली’ एवढ्यावरच थांबतो.

उलट्या बाजूची चूकही होते. अमेरिकेत 2003पासून मृत्यूच्या दाखल्यावर ‘ही स्त्री गरोदर होती का’ असा एक चौकोन छापला जाऊ लागला आणि राज्याराज्यांनी तो वेगवेगळ्या वर्षी स्वीकारला. निसटणारे मृत्यू सापडावेत हा हेतू होता. पण तो चौकोन चुकून भरला जाऊ लागला, इतका की पंच्याऐंशी वर्षांहून अधिक वयाच्या स्त्रियाही कागदावर गरोदर ठरल्या. अखेर तिथल्या आरोग्य सांख्यिकी केंद्राला मोजण्याची पद्धत बदलावी लागली. इतक्या संपन्न देशात ही गत असेल तर निव्वळ कागदाच्या भरवशावर राहता येत नाही, एवढे तरी मान्य करायला हवे.

मराठवाड्यात मोजणी निसटण्याची एक खास जागा आहे. पहिले बाळंतपण माहेरी करायचे, ही आपली पद्धत. सासर परभणी जिल्ह्यात, माहेर हिंगोलीत, आणि अडलेल्या वेळी नेले ते नांदेडला. गरोदरपणाची नोंद सासरच्या उपकेंद्रात, शेवटच्या दोन महिन्यांतली तपासणी माहेरच्या उपकेंद्रात, मृत्यू तिसऱ्याच जिल्ह्यातल्या मोठ्या रुग्णालयात. सासरची आशाताई म्हणते, ती माहेरी गेली होती. माहेरची म्हणते, ती आमच्या यादीत नव्हती. रुग्णालय म्हणते, ती बाहेरून आली तेव्हाच अत्यवस्थ होती. तिघेही खरेच बोलत असतात. अशा वेळी रुग्णालयात नोंदलेला मृत्यू पत्त्यानुसार मूळ जिल्ह्याला कळवणे आणि तिन्ही ठिकाणची माहिती एकत्र जुळवणे, हे काम कुणाचे तरी ठरलेले असावे लागते.

म्हणून गावपातळीवर नियम असा आहे की आशाताईने मातामृत्यू शोधत बसायचे नाही. 15 ते 49 वर्षे वयाच्या कोणत्याही स्त्रीचा मृत्यू झाला, कारण काहीही असो, तो तिने चोवीस तासांत कळवायचा. त्यानंतर आरोग्यसेविकेने घरी जाऊन ती गरोदर होती का, किंवा गेल्या सहा आठवड्यांत तिचे बाळंतपण अथवा गर्भपात झाला होता का, हे पाहायचे. जाळे मोठे टाकायचे आणि मग निवडायचे, असा हा हिशोब आहे आणि तो योग्य आहे, कारण कारण ठरवण्याचा भार त्यात आशाताईवर येत नाही.

राज्यांचे अधिकृत प्रमाण मात्र या नोंदींवरून काढले जात नाही. ते भारताच्या महानिबंधकांच्या नमुना नोंदणी योजनेतून येते. देशभरातून निवडलेल्या गावांत आणि शहरी वस्त्यांत एक स्थानिक गणक वर्षभर जन्म-मृत्यू टिपत राहतो आणि दर सहा महिन्यांनी दुसरा माणूस स्वतंत्रपणे तीच पाहणी करतो. दोघांच्या याद्या जुळवून निसटलेले शोधले जाते. तरीही मातामृत्यू ही संख्येने विरळ घटना असल्याने एका वर्षाचा नमुना पुरत नाही. म्हणून तीन वर्षांची माहिती एकत्र करतात आणि म्हणूनच ‘2018–20’ असे लिहिलेले आपण पाहतो. महाराष्ट्राचे प्रमाण 33वरून 2019–21मध्ये 38 झाले, तेव्हा त्या वाढीत कोविडच्या दुसऱ्या लाटेचे वर्ष सामील होते, हे ध्यानात ठेवूनच तो आकडा वाचावा लागतो.

जिल्ह्याच्या पातळीवर तर आणखी सावध राहायला हवे. समजा एका जिल्ह्यात वर्षाला 40 हजार जन्म होतात आणि 14 माता दगावतात. प्रमाण 35 येते. पुढच्या वर्षी 19 दगावल्या तर ते 47च्या पुढे जाते. पाच मृत्यूंच्या फरकाने ‘वाढ तिसऱ्या हिश्शाहून अधिक’ अशी बातमी होऊ शकते, आणि पाचने घट झाली तर अधिकाऱ्यांचा सत्कारही. दोन्ही गोष्टी अपुऱ्या माहितीवर उभ्या असतात. नमुना नोंदणी योजना जिल्हावार मातामृत्यूचे प्रमाण देत नाही, यामागे हेच कारण आहे. जिल्ह्यासाठी खरी उपयोगाची गोष्ट म्हणजे ते चौदा मृत्यू. प्रत्येकाचे नाव, गाव आणि हकीगत.

ज्या देशांत अशी नोंदणीही नाही, त्यांचे आकडे गणिती प्रारूपाने काढतात. देशाचे दरडोई उत्पन्न, जननदर, प्रशिक्षित व्यक्तीच्या हातून होणाऱ्या बाळंतपणांचे प्रमाण आणि तिथे झालेल्या एखाद-दुसऱ्या पाहणीचे निष्कर्ष यांवरून तो अंदाज बांधला जातो. काही पाहण्यांत घरोघरी जाऊन मोठ्या माणसांना विचारतात की तुमच्या बहिणी किती होत्या, त्यांतल्या किती गेल्या आणि जाताना त्या गरोदर किंवा बाळंतीण होत्या का. ही पद्धत 1980च्या दशकाच्या अखेरीस पुढे आली. आठवणींवर उभी असलेली असली तरी जिथे दुसरे काहीच नाही तिथे तिचा फार उपयोग झाला आहे.

घड्याळ

जगभरात मातामृत्यूचे सर्वांत मोठे कारण म्हणजे अतिरक्तस्राव; सुमारे 27 टक्के मृत्यू त्याने होतात. त्याखालोखाल गरोदरपणात वाढणारा रक्तदाब आणि त्यातून येणारे झटके, जंतुसंसर्ग, असुरक्षित गर्भपात, अडलेले बाळंतपण. आणि मोठा हिस्सा रक्तक्षय, हृदयविकार, क्षयरोग, मधुमेह अशा आजारांचा, जे गरोदरपणात बळावतात.

ही यादी पाठ करण्यापेक्षा प्रत्येक कारणाला किती वेळ मिळतो, हे समजून घेणे जास्त उपयोगाचे आहे. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव उपचाराविना राहिला तर साधारण दोन तासांत जीव घेऊ शकतो. बाळंतपणाआधीच्या रक्तस्रावात सुमारे बारा तास मिळतात, गर्भाशय फुटले तर एक दिवस, झटके आले तर दोन दिवस, अडलेल्या बाळंतपणात तीन आणि जंतुसंसर्गात सहा दिवस. ही ढोबळ मापे आहेत, प्रत्येक बाई वेगळी असते. पण या मापांवरून लगेच कळते की रक्तस्रावाचा उपाय तालुक्याच्या गावी असून भागत नाही. तो जिथे बाळंतपण होते त्याच खोलीत असावा लागतो.

वेळ कुठे जातो, याचे उत्तर सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन संशोधक स्त्रियांनी 1994मध्ये मांडले आणि आजही जगभर तीच मांडणी वापरतात. त्यांनी तीन विलंब सांगितले. पहिला विलंब घरात होतो: धोका ओळखायला आणि न्यायचे ठरवायला लागणारा वेळ. दुसरा वाटेत: गाडी मिळून योग्य दवाखान्यात पोहोचेपर्यंतचा. तिसरा दवाखान्यात: पोहोचल्यापासून योग्य उपचार सुरू होईपर्यंतचा.

आपल्याकडे हे तिन्ही विलंब ओळखीचे आहेत. ‘पहिलटकरणीला वेळ लागतोच’, ‘मालक रानातून येऊ द्या’, ‘सासूबाईंना विचारून बघू’ यांत पहिला तास जातो. तांड्यावरून किंवा डोंगरकपारीच्या वस्तीवरून डांबरी रस्त्यापर्यंत यायला दुसरा. आणि तिसरा विलंब आता सर्वांत मोठा होत चालला आहे, असे माझे मत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात जवळजवळ 95 टक्के बाळंतपणे दवाखान्यात होतात. म्हणजे बाई दवाखान्यापर्यंत आलेली असते. तिथून पुढे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय आणि शेवटी वैद्यकीय महाविद्यालय, अशी तिची चिठ्ठी घेऊन फिरती सुरू होते. भूलतज्ज्ञ नाही म्हणून एकीकडून, रक्त नाही म्हणून दुसरीकडून, खाट नाही म्हणून तिसरीकडून. अंबाजोगाईला किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात पोहोचेपर्यंत तिचे घड्याळ संपत आलेले असते, आणि मग मृत्यू त्या शेवटच्या रुग्णालयाच्या नावावर लागतो. पुढच्या रुग्णालयाला आधी फोन करून रक्तगट सांगणे, सोबत परिचारिका पाठवणे, शिरेतून सलाइन चालू ठेवूनच गाडी हलवणे या साध्या गोष्टी झाल्या की नाही, हे चिठ्ठीवर दिसत नाही. ते शोधावे लागते.

एका मृत्यूची चौकशी

ते शोधण्याची पद्धत म्हणजे मातामृत्यू अन्वेषण. भारतात त्याच्या मार्गदर्शक सूचना 2010मध्ये आल्या आणि 2017मध्ये सुधारल्या. मृत्यू कळल्यानंतर तीन आठवड्यांच्या आत आरोग्य विभागाचे पथक त्या घरी जाते. दुःख ताजे असते, त्यामुळे लगेच दुसऱ्या दिवशी जायचे नसते; आणि फार उशीरही करायचा नसतो, कारण तपशील पुसले जातात.

विचारपूस कशी होते, हे जवळून पाहिले म्हणजे तिचे मोल कळते. ‘रक्तस्राव किती झाला’ असे विचारले तर ‘लई झाला’ यापलीकडे उत्तर येत नाही. म्हणून विचारायचे, किती कपडे भिजले? लुगडे भिजले की खालची गोधडीही भिजली? वार पडली होती का, किती वेळाने पडली? कळा सुरू झाल्या तेव्हा दिवस उगवला होता का? पाणी कधी गेले? पहिला फोन कुणाला केला, गाडी आली तेव्हा दूध घालायची वेळ झाली होती की होऊन गेली होती? दवाखान्यात पहिले कोण भेटले, सुई कधी दिली, तुम्हाला रक्ताची बाटली आणायला सांगितली का, ती कुठून आणली, परत आलात तेव्हा ती शुद्धीत होती का? घड्याळाची वेळ कुणाला आठवत नाही, पण दुधाची गाडी, मारुतीच्या देवळातली आरती, शाळा सुटण्याची वेळ आठवते, आणि त्यावरून अख्ख्या दिवसाचा पट मांडता येतो. बोलावे लागते ते सोबत असलेल्या बाईशी. आई, जाऊ, शेजारीण. ओट्यावर बसलेले पुरुष उत्तरे देत असतील, तर आतल्या खोलीत जाऊन पुन्हा विचारायचे.

ही हकीगत आणि रुग्णालयातील कागद एकत्र ठेवून आधी आरोग्य अधिकाऱ्यांची समिती आणि नंतर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील बैठक त्यावर विचार करते. त्या बैठकीत मृत स्त्रीच्या नातेवाइकांनाही बोलावून त्यांचे म्हणणे ऐकायचे असते. ही तरतूद मला फार मोलाची वाटते. जिल्हाधिकारी त्या खुर्चीत असण्याचे कारणही व्यावहारिक आहे: वाहून गेलेला पूल, बंद पडलेली रुग्णवाहिका, महिनोन्‌महिने रिकामे पद या गोष्टी डॉक्टरांच्या हातात नसतात.

या सगळ्याची एकच अट आहे. चौकशी कुणाला शिक्षा करण्यासाठी नसावी. मृत्यू कळवला की निलंबन, असे समीकरण एकदा बसले की कागद बदलतात. ‘आली तेव्हाच अत्यवस्थ’ अशी ओळ प्रत्येक चिठ्ठीवर दिसू लागते आणि अवघड रुग्ण पुढे ढकलण्याकडे कल वाढतो. हलगर्जीपणाची दाद मागण्याचे कायदेशीर मार्ग कुटुंबाला खुले असावेतच. पण अन्वेषण हे त्यांहून वेगळे, शिकण्यासाठी केलेले काम आहे. म्हणूनच ज्या तालुक्यात नोंद झालेले मातामृत्यू अचानक वाढले, तिथे आधी हे पाहावे की मोजणी सुधारली का. प्रामाणिकपणे वाढलेला आकडा हा त्या तालुक्यातल्या आरोग्यसेविकांच्या कामाचा पुरावा असू शकतो, आणि त्यांना नोटीस देणे हा त्यांच्यावर अन्याय होय.

इंग्लंडमध्ये अशी गोपनीय चौकशी 1952पासून सातत्याने चालू आहे. त्या देशाचा इतिहास एक गोष्ट ठळकपणे दाखवतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत तिथे संपत्ती वाढली, बालमृत्यू घटले. पण मातामृत्यूचे प्रमाण 1930च्या दशकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ जिथल्या तिथे, लाखामागे चारशेच्या आसपास राहिले. जंतुसंसर्गावरची सल्फा औषधे आल्यावर ते कोसळले. पैसा आला की हा प्रश्न आपोआप सुटतो, असे नाही. उलट श्रीलंकेने फारशी श्रीमंती नसताना 1950नंतर हे प्रमाण दर सहा ते बारा वर्षांनी निम्म्यावर आणले. खेड्याखेड्यांत प्रशिक्षित सरकारी सुईण, तिच्या मागे मोफत रुग्णालय, आणि पुढे प्रत्येक मातामृत्यूची चौकशी, हे त्यांचे सूत्र होते. केरळात स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2004पासून गोपनीय चौकशी सुरू केली. तिच्यातून बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हे मोठे कारण पुढे आले आणि त्यावर उपचारांचे ठरावीक नियम तयार झाले.

रक्तस्राव नजरेने मोजता येत नाही, हा त्यातला एक मोठा धडा आहे. अनुभवी डॉक्टरांचाही अंदाज कमी पडतो. त्यावरचा उपाय अगदी साधा निघाला. बाळ बाहेर आल्यावर बाईच्या खाली नरसाळ्याच्या आकाराची प्लॅस्टिकची पिशवी लावायची, जिच्यावर मापाच्या रेषा असतात. ठरलेली रेषा रक्ताने गाठली की कुणाला विचारत न बसता पाच गोष्टी एकदम करायच्या: पोटावरून गर्भाशय चोळणे, गर्भाशय आकुंचन पावण्याचे औषध देणे, रक्त थांबवणारे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड देणे, शिरेतून सलाइन सुरू करणे, आणि रक्त कुठून येते आहे ते तपासणे. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या चार देशांतील 80 रुग्णालयांत दोन लाखांहून अधिक स्त्रियांच्या बाळंतपणांत ही पद्धत तपासली गेली. 2023मध्ये निष्कर्ष आले तेव्हा गंभीर रक्तस्राव आणि त्याचे परिणाम 60 टक्क्यांनी कमी झालेले दिसले. यातले एकही औषध नवे नव्हते. नवे होते ते वेळेत ओळखणे आणि सगळे एकत्र करणे.

औषधांचीही एक अडचण आहे. बाळंतपणानंतर दिले जाणारे ऑक्सिटोसिन थंड, म्हणजे 2 ते 8 अंशांत ठेवावे लागते. मराठवाड्याचा उन्हाळा आणि विजेचा लपंडाव लक्षात घेता उपकेंद्रातल्या फ्रीजची वीज हा बाळंतिणीच्या जिवाशी जोडलेला विषय आहे. वाढलेल्या रक्तदाबातून येणारे झटके मॅग्नेशियम सल्फेटने रोखता येतात. 2002मध्ये अनेक देशांत मिळून झालेल्या मोठ्या अभ्यासात या स्वस्त औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे सिद्ध झाले. पण त्यासाठी आधी रक्तदाब मोजला जायला हवा. डोके जड पडणे, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज ही ‘गरोदरपणात असायचीच’ लक्षणे नव्हेत, हे घरातल्या सगळ्यांना माहीत हवे.

आणि या सर्वांच्या तळाशी रक्तक्षय आहे. महाराष्ट्रात 15 ते 49 वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. गरोदर स्त्रीचे हिमोग्लोबिन 11 असायला हवे. 7च्या खाली गेले तर ते तीव्र मानतात. 11 असलेली बाई जेवढा रक्तस्राव सोसून जाते, तेवढ्यानेच 6 असलेली बाई दगावू शकते. बीड, परभणी, जालना या जिल्ह्यांत मुलींची लग्ने अजूनही फार लवकर होतात. कोवळ्या वयातले पहिले बाळंतपण, त्याच्या मागोमाग वर्षभरात दुसरे, आणि अंगात रक्त नाही, अशी सांगड पडली की धोका अनेक पटींनी वाढतो. दोन बाळंतपणांत अंतर ठेवण्याची साधने आणि कायदेशीर, सुरक्षित गर्भपाताची सोय हे मातामृत्यू टाळण्याचेच उपाय आहेत. आपल्याकडे गर्भपाताचा कायदा 1971पासून आहे, आणि तरीही कित्येक बायका भोंदूंकडे जातात.

पुढे काय व्हायला हवे

2030पर्यंत जगाचे प्रमाण 70च्या खाली आणायचे, असे सर्व देशांनी मिळून ठरवले आहे. भारत या उद्दिष्टाच्या जवळ येत आहे आणि महाराष्ट्राने ते केव्हाच गाठले आहे. जगाचा वेग मात्र 2016नंतर मंदावला आहे. 2030चे उद्दिष्ट गाठायला दरवर्षी जवळजवळ 15 टक्के घट लागेल आणि प्रत्यक्षात ती दोन टक्क्यांचीही नाही. युद्ध आणि अस्थिरतेने ग्रासलेल्या देशांत मृत्यू सर्वाधिक आहेत, आणि 2025मध्ये परदेशी मदतीला लागलेल्या कात्रीने तिथली बाळंतपणाची केंद्रे अडचणीत आली आहेत.

महाराष्ट्राने उद्दिष्ट गाठले असले तरी सरासरीच्या आड कोण राहते, हे पाहायला हवे. दसऱ्यानंतर बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून लाखो माणसे ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांच्या फडावर जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी. उचल आधीच घेतलेली, त्यामुळे खाडा परवडत नाही. गरोदर बाईही मोळ्या उचलते. तिची नोंद गावाकडच्या उपकेंद्रात, मुक्काम पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या कोप्यांवर, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, आणि तिथल्या आशाताईला तिचा पत्ताच नाही. गावाकडच्या यादीत तिच्या नावापुढे ‘स्थलांतरित’ असा शेरा पडतो. तिथे ती दगावली, तर दोन जिल्ह्यांपैकी कुणाच्या बैठकीत तिची हकीगत वाचली जाणार?

यावर करता येण्याजोगी कामे स्पष्ट आहेत. दसऱ्याआधी प्रत्येक गावात टोळीनिहाय गरोदर स्त्रियांची यादी करून ती कारखान्याच्या भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावी, आणि ज्यांचे हिमोग्लोबिन कमी आहे त्यांना निघण्यापूर्वीच शिरेतून लोह द्यावे. तपासणीचे कार्ड पेटीत कुलूपबंद न ठेवता बाईच्या हाताशी असावे, कारण त्यावरच्या नोंदणी क्रमांकावरून दुसऱ्या ठिकाणीही तिची माहिती मिळू शकते. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त आणि घरापासून दवाखान्यापर्यंतची ने-आण मोफत मिळणे हा 2011पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली तिचा हक्क आहे, आणि 102 किंवा 108 या क्रमांकावर गाडी बोलावता येते, हे मुकादमालाही ठाऊक असावे, कारण फडावर फोन आणि गाडी बहुधा त्याच्याच हातात असते. आणि फडावरच्या मृत्यूचे अन्वेषण मुक्कामाच्या आणि मूळ गावाच्या अशा दोन्ही जिल्ह्यांनी एकत्र बसून करावे. नातेवाइकांना बोलवायचे ते त्यांच्या गावाकडे, हंगाम संपून ते परतल्यावर, म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडेल या भीतीने कुणी गप्प राहणार नाही.